चूल अंगावर आली! राक्षसांच्या नावांच्या उच्चारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखे, टेबलभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचण्याचे खेळ खेळणाऱ्या प्रत्येक गटात एक तरी नाव असं असतं, की ते कुणाच्या तोंडून निघालं की फासे हातातच राहतात आणि खेळ पाच मिनिटं बंद पडतो. मी बरीच वर्षं खेळते आहे, त्यातली निम्म्याहून जास्त डीएमच्या (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा) पडद्यामागे. नवे खेळाडू जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं एकत्र केले आहेत. क्रमानं वाचायची गरज नाही. जिथं जीभ अडली असेल तिथून सुरुवात करा.

मी एक नाव चुकीचं घेतलं आणि सगळे हसले. आता पुढच्या सेशनला तोंड उघडायची भीती वाटते. काय करू?

तोंड उघडायचं. नाव चुकणारा माणूस बहुतेक वेळा पुस्तक नीट वाचून आलेला असतो. त्यानं ते नाव छापलेलं पाहिलं, मनातल्या मनात त्याला एक आवाज दिला आणि महिनोन्‌महिने त्याच आवाजात ते वाचत राहिला. त्या आवाजाची इतरांशी पहिली गाठ पडते ती थेट टेबलवर, आणि तीही लढाई ऐन तोंडावर आलेली असताना.

आमच्या गटात याबाबत एकच नियम आहे आणि तो मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगते: हसायचं तर राक्षसाच्या नव्या नावाला हसा, नाव घेणाऱ्याला नको. आणि दुरुस्ती करायची ती लढाई संपल्यावर. कुणी जीव तोडून ‘पळा, टारास्क्यू आला!’ असं ओरडत असताना मध्येच ‘टॅरास्क म्हण’ असं सांगितलं, की त्या क्षणाची भीती गेली ती गेलीच. ती परत आणायला डीएमला पुन्हा पहिल्यापासून घाम गाळावा लागतो.

पण ही नावं इतकी अवघड असतातच का?

कारण ती एका घरची नाहीत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली टीएसआर कंपनीनं छापला आणि १९७७ मध्ये ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ हे राक्षसांचं पुस्तक आलं. त्यात ग्रीक शेळीमुखी सिंह, अरबी जिन, जर्मन खाणीतली भुतं, मेक्सिकोचा पंखवाला साप, आपले नाग आणि राक्षस हे सगळे शेजारीशेजारी बसलेले, आणि त्यांच्या मध्येमध्ये निव्वळ कल्पनेतून काढलेले जीव. मूळ भाषा कुठलीही असो, अंगावर कपडे इंग्रजी स्पेलिंगचे. ‘सी’ आणि ‘एच’ ही जोडी लिचमध्ये ‘च’ होते आणि कायमीरात ‘क’. मग वाचणाऱ्यानं काय धरायचं?

देवनागरीत वाढलेल्या वाचकाला याचा त्रास जरा जास्तच होतो. आपल्याला प्रत्येक अक्षराला आवाज द्यायची सवय. त्यामुळे ओगरचा ‘ओग्रे’ होतो, नोमचा ‘ग्नोम’ होतो आणि जिनच्या आधी एक ‘ड’ उगाच अडखळतो.

अधिकृत उच्चार कुठे दिलेले आहेत का?

आहेत, आणि तेही जुने. ‘ड्रॅगन’ मासिकाच्या ९३व्या अंकात, जानेवारी १९८५ मध्ये, फ्रँक मेंटझर यांनी नावांच्या उच्चारांची एक लांबलचक मार्गदर्शिका छापली. शीर्षकातल्या शब्दांचं स्पेलिंगसुद्धा बोलतात तसं, मुद्दाम मोडून लिहिलेलं. म्हणजे खेळ बाजारात येऊन दशक उलटलं तरी लोक विचारतच होते. मला हा अंक फार आवडतो, कारण त्यात कुणालाही अडाणी ठरवलेलं नाही. प्रश्न येतात, म्हणून उत्तरं दिली.

त्यानंतर आलेल्या व्हिडिओ गेमनी मोठं काम केलं. २०२३ मध्ये आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये कितीतरी नावं नटांच्या तोंडून नीट ऐकायला मिळतात. ज्यांनी आधी तो गेम खेळला आणि मग टेबलवर आले, त्यांना हे प्रश्न फारसे पडत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

‘बुलेट’ की ‘बुले’?

‘बुले’. शेवटचा ‘टी’ सायलेंट.

हा जीव ‘द ड्रॅगन’च्या पहिल्याच अंकात, जून १९७६ मध्ये, टिम कास्क यांनी लिहिला. त्याचं रूप आलं होतं पिशवीतून विकल्या जाणाऱ्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांतून. रस्ट मॉन्स्टर आणि आउलबेअर हेही त्याच पिशवीतले. पाठीवर कवच, शार्कसारखा जबडा, जमिनीखालून पोहत येतो, म्हणून त्याला ‘लँडशार्क’ही म्हणतात. स्पेलिंगला फ्रेंच वळण आहे, पण फ्रेंच वळण डोळ्यांना दिसतं कुठे? दिसते ती बंदुकीची गोळी.

एकदा दुसऱ्याच्या कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीत) मी खेळाडू होते. डीएमनं गंभीर आवाजात सांगितलं, ‘पायाखालची जमीन थरथरते. उजवीकडून तुमच्या दिशेनं एक बुलेट येते.’

आमची तिरंदाज ताडकन म्हणाली, ‘कुणी झाडली?’

डीएम गोंधळला. ‘झाडली म्हणजे? ती स्वतःच येतेय.’

‘या जगात बंदुका आहेत?’ आमचा नोम कारागीर खुर्चीत पुढे सरकला. त्याचे डोळे चमकले होते. मग पुढची दहा मिनिटं तो झुडपांमागे बंदूकवाला शोधत होता, तिरंदाज उंचावर नेम धरणारा कोण ते पाहत होती आणि तेवढ्यात जमिनीतून वर आलेल्या त्या प्राण्यानं आमचं एक घोडं संपवलं. घोड्याचा बळी गेल्यावर डीएमनं पुस्तक उलटं फिरवून चित्र दाखवलं. ‘हे!’ मग सगळ्यांना कळलं.

तेव्हापासून माझा सल्ला पक्का झाला: नाव तोंडातून काढण्याआधी वर्णन करा. कवच, जबडा, माती उडतेय, आणि मग नाव. वर्णन आधी आलं की उच्चार चुकला तरी कुणी बंदूक शोधायला जात नाही.

‘वाइट’ नावाचा राक्षस मराठीत चालवायचा कसा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मी तो अंगावर घेतलेला आहे. थडग्यातून उठणारा, माणसाचं आयुष्य शोषून घेणारा हा मृत योद्धा. नाव जुन्या इंग्रजीतलं. तिथं त्याचा अर्थ नुसता ‘जीव’, ‘प्राणी’ एवढाच होता. उच्चार अगदी इंग्रजी ‘पांढऱ्या’सारखा. आणि मराठीत?

मी म्हणाले, ‘झाकण सरकतं. आतून एक वाइट उठतो.’

‘काय वाईट?’

‘वाइट. समोर उभा आहे.’

‘अगं, पण काय वाईट झालं ते सांग ना.’

‘तो वाइट आहे!’

‘ते कळलं, पण किती वाईट?’

‘आणि त्याच्यामागे अजून दोन वाइट आहेत,’ मी म्हणाले, आणि टेबल कोसळलं. आमची क्लेरिक (देवाच्या शक्तीनं लढणारी पुजारीण) हसून हसून खाली बसली होती. त्या रात्री पुढे रेथ आला, जो वाइटपेक्षाही जबर, तर कुणीतरी त्याला ‘वाईटाहून वाईट’ असं नाव दिलं आणि ते चिकटलं.

ऱ्हस्व इकार लिहून काही होत नाही. बोलताना तो कुणाला ऐकू येत नाही. माझा उपाय असा की मी नावाच्या पुढे काहीतरी लावते: ‘थडग्यातला वाइट’, ‘मुकुटवाला वाइट’. विशेषण पुढे असलं की कान त्याला नाम म्हणून पकडतो. रेथबद्दल विचाराल तर त्यातला ‘डब्ल्यू’ सायलेंट आहे. ‘व्रेथ’ नाही, ‘राइथ’ही नाही.

‘चूल’ हे खरंच राक्षसाचं नाव आहे?

खरंच आहे. शेवंडीसारखा, माणसाहून मोठा, नांग्या आणि तोंडापुढे लोंबणारे स्पर्शक असलेला पाण्यातला जीव. ‘चूल अंगावर आली’, ‘चूल विझवा’, ‘दोन चुली मांडल्यात का?’ हे सगळे विनोद करून झालेले आहेत, तरी प्रत्येक नव्या गटाला ते नव्यानं करायचे असतात आणि करू द्यावेत.

गंमत अशी की नीट ऐकलं तर मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत. स्वयंपाकघरातल्या चुलीचा ‘च’ दातांशी होतो, ‘चमचा’तल्यासारखा. राक्षसाचा ‘च’ टाळूला लागतो, ‘चूर्ण’ किंवा ‘चुंबक’ यातल्यासारखा. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक करायची वेळच येत नाही. आपल्याकडे दोन्ही ‘च’ आहेत, फक्त अक्षर एक आहे. मोठ्यानं एकदा ‘चुलीवर चूर्ण’ असं म्हणून बघा, जीभ जागा बदलते ती जाणवेल. आमच्या गटात आता टाळूचा ‘च’ आला की सगळे शस्त्र काढतात.

आणि ‘लिच’?

टाळूचाच ‘च’, ऱ्हस्व इकार. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘देह’, ‘प्रेत’. जर्मनमध्ये प्रेताला आजही ‘लायखं’च्या जवळचा शब्द आहे. मेल्यावरही आपला आत्मा एका वस्तूत लपवून जगत राहिलेला जादूगार तो लिच. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीपासून खेळात आहे.

चुका तीन प्रकारच्या: ‘लिक’, ‘लाइक’ आणि ‘लीच’. तिसरी सगळ्यात महाग पडते, कारण लीच म्हणजे जळू. ‘सिंहासनावर एक लीच बसलेली आहे’ हे ऐकून आमच्या एका खेळाडूनं पिशवीतून मीठ काढलं. डीएमनं मोठ्या मनानं फासा टाकायला सांगितला. वीस पडले, म्हणजे सर्वात मोठं दान. त्या लिचला डोळ्यांत मीठ गेल्यामुळे एक वळण गमवावं लागलं आणि ते आम्ही अजून सांगतो.

ड्रो की ड्राउ?

भूगर्भात राहणाऱ्या काळ्या एल्फांचं हे नाव. दोन्ही चालतात. जास्त ऐकू येतो तो ‘ड्राउ’, आणि मीही तोच वापरते. शब्दाचं मूळ स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी आणि शेटलंड बेटांवरच्या ‘ट्राउ’ नावाच्या भुताखेतांशी जोडलं जातं. यावर भांडणारे गट मी पाहिले आहेत. भांडू नका.

‘ग्नोल’मधला ग म्हणायचा का?

नाही. तरसाच्या तोंडाचा हा जीव ‘नोल’. तसंच ‘नोम’.

टॅरास्क, टारास्क्यू, तारास्के?

टॅरास्क, आणि जोर शेवटच्या अवयवावर. बँकेच्या चेकचं ब्रिटिश स्पेलिंग आठवा. त्याच्या शेवटीही तीच तीन अक्षरं असतात आणि आपण कधी ‘चेक्यू वटला का’ असं विचारत नाही. ते आठवलं की हे नाव आयुष्यात पुन्हा चुकत नाही.

दक्षिण फ्रान्समध्ये तारास्कों नावाचं गाव आहे. तिथल्या दंतकथेत सहा पायांचा, कासवासारख्या पाठीचा एक अजस्र प्राणी नदीकाठी धुमाकूळ घालायचा आणि संत मार्था हिनं त्याला प्रार्थनेनं वश केलं. गावाला त्याचंच नाव, असं तिथं सांगतात. खेळात तो १९८३ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल २’मधून आला, आणि इथं तो नुसत्या प्रार्थनेनं वश होत नाही.

‘साहुआगिन’ला मराठीत काय म्हणू?

समुद्रातली ही शार्कसारखी माणसं १९७५ च्या ‘ब्लॅकमूर’ पुरवणीतली. इंग्रजीत ‘सा-ह्वा-गिन’ म्हणतात. पण मराठी जिभेला ‘ह्व’ नको असतो. आपण ‘आह्वान’चं ‘आव्हान’ केलं, ‘जिह्वा’ बोलताना ‘जिव्हा’ केली, तसंच या नावाचं आपोआप ‘साव्हागिन’ होतं. होऊ द्यावं. शतकानुशतकं भाषा हेच करत आली आहे आणि समुद्रातल्या राक्षसासाठी वेगळा नियम कशाला?

गिथयांकी, की जिथयांकी?

‘ग’. राक्षसांच्या आणखी एका पुस्तकाच्या, १९८१ च्या ‘फीन्ड फोलिओ’च्या, मुखपृष्ठावर हीच लढवय्यी मंडळी आहेत, ती खेळात आणली चार्ल्स स्ट्रॉस यांनी, तेही किशोरवयात. ‘जी’पुढे ‘आय’ आला की इंग्रजी वाचणारा ‘ज’कडे झुकतो, पण ‘गिफ्ट’ आणि ‘गिटार’ आठवा.

त्याच पुस्तकातले, आणि त्याच लेखकाचे, ते ‘स्लाड’. बेडकासारखे, अराजकाच्या जगातून आलेले. त्यांच्याबद्दल शेवटी सांगते.

नावात मध्येच टिंब किंवा टिकली असते, तिथं थांबायचं का?

बहुतेक ठिकाणी ती शोभेची असते. सरळ जोडून म्हणा. जिथं दोन स्वर एकमेकांवर आदळतात तिथं किंचित थांबलं तर ऐकणाऱ्याला सोपं जातं, इतकंच.

ज्यांच्या शेवटी ‘टी-एल’ येतो आणि मध्ये ‘एक्स’ असतात, ती नावं?

ही नाहुआत्ल भाषेच्या वळणाची, म्हणजे मेक्सिकोच्या अझ्टेक लोकांच्या भाषेची. दोन गोष्टी कळल्या की निम्मं काम झालं. तिथला ‘एक्स’ म्हणजे ‘श’. आणि शेवटचा ‘त्ल’ हा एकच आवाज, दोन अक्षरं नव्हेत. स्पॅनिश लोकांनाही तो जमला नाही. ‘तोमात्ल’चं ‘तोमाते’ झालं आणि आपल्यापर्यंत येईतो टोमॅटो.

पंखवाला साप ‘कोआत्ल’ (तिथं कोआत्ल म्हणजेच साप) देवनागरीत किती सरळ लिहिता येतो बघा. जोडाक्षर आपल्या घरचंच. इंग्रजी टेबलवर त्याचं ‘क्वाटल’, ‘कोआटल’, ‘काउटल’ असं काहीही होतं.

खरी परीक्षा घेतो तो पाकट माशासारखा दिसणारा, खोल समुद्रातला दुष्ट प्राणी ज्याच्या नावात ‘एक्स’ दोनदा येतो. नाहुआत्लच्या नियमानं वाचलं तर ‘इशित्शाचित्ल’. बाकीचे ‘इक्सिटझॅचिटल’ म्हणतात. आमच्या गटात एका भल्या माणसानं नाव वाचायला सुरुवात केली, मध्ये श्वास घेतला, पुन्हा सुरुवात केली आणि शेवटी म्हणाला, ‘तो पाकट.’ सगळ्यांनी मान डोलावली. तो पाकटच राहिला आणि एकाही माणसाची गफलत झाली नाही. मला विचाराल तर उच्चाराचं काम तिथं पूर्ण झालं.

‘राक्षस’ हा वेगळा राक्षस आहे म्हणे. मग टेबलवर काय म्हणायचं?

हा खास आपला पेच आहे. खेळात ‘राक्षस’ ही एक विशिष्ट जात आहे: १९७७ च्या पुस्तकात वाघाचं डोकं, अंगात उंची पोशाख, हातात पाईप असं चित्र आहे. तळवे उलटे असतात; आपल्या भुतांचे पाय उलटे, याचे हात. इंग्रजी बोलणारे त्याला ‘रॅकशासा’ म्हणतात, शेवटी एक लांबलचक ‘आ’ लावून.

मराठीत मात्र प्रत्येकच राक्षस हा राक्षस असतो. ‘समोर राक्षस आहे.’ ‘कुठला?’ ‘राक्षस.’ ‘हो, पण कुठला राक्षस?’ हे अनंतकाळ चालू शकतं. काही गट यावर उपाय म्हणून मुद्दाम इंग्रजी पद्धतीनं ‘रॅकशासा’ म्हणतात. मला ते पटत नाही. आपला शब्द, आपल्या तोंडात नीट बसलेला, त्याला परक्या वळणानं वाकवायचं कशाला? मी उलट करते. बाकी सगळ्यांना ‘मॉन्स्टर’ किंवा ‘जीव’ म्हणते आणि ‘राक्षस’ हा शब्द त्या वाघतोंड्यासाठी राखून ठेवते. पहिल्या दोन सेशनला लोक विसरतात, तिसऱ्यापासून अंगवळणी पडतं. आणि मग ज्या दिवशी मी हळू आवाजात ‘राक्षस’ म्हणते त्या दिवशी टेबलवर जी शांतता पसरते, ती कुठल्याही ‘रॅकशासा’नं पसरली नसती.

असेच अजून काही आहेत. ‘नागा’ म्हणजे आपला नाग. ‘मरुत’ म्हणजे मरुतच, फक्त खेळात तो चिलखतासारखा, नियम मोडणाऱ्याचा पाठलाग करणारा. आणि ‘देवा’ हा स्वर्गीय योद्धा. आमच्याकडे एका खेळाडूला ऐन वेळी फाशावर एक, म्हणजे सर्वात वाईट दान, पडला, तो कपाळाला हात लावून ‘अरे देवा!’ म्हणाला, आणि पलीकडे उभ्या असलेल्या देवाच्या आवाजात डीएम म्हणाला, ‘बोल वत्सा.’ असा प्रसंग इंग्रजी टेबलवर घडूच शकत नाही.

ग्रीक नावांचं काय? इंग्रजी उच्चार धरायचा की मूळ?

इंग्रजी धरलात तर ‘कायमीरा’, ‘हायड्रा’, ‘मँटिकोर’. गटाला ते ओळखीचं असेल तर तेच ठेवा. पण मूळ शोधायला गेलात तर एक सुखद धक्का बसतो, कारण तिथं आपलीच नातलग मंडळी भेटतात.

प्राचीन ग्रीकमध्ये ‘ख’, ‘थ’, ‘फ’ हे श्वास सोडून म्हणायचे आवाज होते, अगदी आपल्यासारखे. इंग्रजीत ते टिकले नाहीत. म्हणजे ‘खिमाइरा’ हे नाव मराठी माणूस जितकं मूळाबरहुकूम म्हणू शकतो तितकं इंग्रज म्हणत नाही. अर्थ काय, तर शेळी. नेमकं सांगायचं तर एक हिवाळा पाहिलेली शेळी. त्यातला हिवाळा आणि संस्कृत ‘हिम’ एकाच मुळाचे. ‘चिमेरा’ म्हणणाऱ्याला हे सांगा, पुढल्या वेळी तो स्वतःहून ‘ख’ लावेल.

हायड्रा पाण्यातली. तिच्या नावातला पाण्याचा अंश आपल्या ‘उदक’मध्ये आहे, आणि संस्कृतात ‘उद्र’ म्हणजे पाणमांजर. नऊ डोक्यांची हायड्रा आणि नदीत खेळणारं पाणमांजर ही नावानं भावंडं.

पण माझा जीव आहे तो मँटिकोरवर. सिंहाचं अंग, माणसाचा चेहरा, शेपटीत काटे. नाव जुन्या इराणी भाषेतलं: ‘मर्तिय’ म्हणजे माणूस, आपला ‘मर्त्य’, आणि पुढचा भाग ‘खाणारा’, जो फारसीतून आपल्याकडे ‘-खोर’ होऊन आला. भांडखोर, चहाडखोर, लाचखोर यांच्या रांगेत उभा राहणारा ‘मर्त्यखोर’! ग्रीक लोकांनी ते ‘मार्तिखोरास’ असं लिहून घेतलं. मग हस्तलिखितांच्या नकला होता होता कुठंतरी ‘र’चा ‘न’ झाला, आणि ‘मान्तिखोरास’ रूढ झालं. म्हणजे आज जगभर जे ‘बरोबर’ नाव म्हणून छापलं जातं, ते मुळात कुणाच्या तरी वाचण्यातली चूक आहे. ‘तुझा उच्चार चुकला’ असं कुणी तावातावानं सांगू लागलं की मी त्याला मर्त्यखोराची गोष्ट सांगते.

कोबोल्डचंही तसंच. जर्मन खाणकामगार म्हणायचे की चांदीसारखी दिसणारी पण चांदी न देणारी, वर विषारी वाफा सोडणारी धातुकं ही या खोडकर भुतांची करणी. त्या शिवीतून ‘कोबाल्ट’ हे मूलद्रव्याचं नाव आलं.

कथुलू कसं म्हणायचं?

‘कॉल ऑफ कथुलू’ हा खेळ केऑसियमनं १९८१ मध्ये काढला. मूळ कथा भयकथाकार लव्हक्राफ्टची, १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेली; कथुलू हा तिच्यातला अक्राळविक्राळ देव. ‘कथुलू’ हा सर्वमान्य उच्चार. स्वतः लव्हक्राफ्टचं म्हणणं मात्र असं होतं, की हे नाव माणसाच्या गळ्यासाठी बनलेलंच नाही. जवळपास काही म्हणायचंच तर घशातून, जाडसर, ‘ख्लुल-ह्लू’सारखं. म्हणजे इथं चुकीचा उच्चार करणं हीच कथेची अट आहे. मनसोक्त चुका.

आयरिश नावं वाचताना घोळ होतो. का?

कारण त्यांचं स्पेलिंग इंग्रजीच्या नियमानं चालत नाही. बॅन्शी म्हणजे टेकडीतल्या परीलोकातली बाई. त्या परीलोकाचं नाव पानावर ‘सिधे’सारखं दिसतं आणि उच्चारतात ‘शी’. डीएम गंभीरपणे ‘शी!’ म्हणाला की मराठी खेळाडू आधी खाली, पायाकडे बघतात.

‘हॅग’बद्दल काही सूचना?

ही म्हातारी चेटकीण. अर्धचंद्र खाऊ नका. कारण सांगायला लावू नका.

डीएम म्हणून मी तयारी कशी करू?

सेशनच्या आदल्या दिवशी स्टॅट ब्लॉक (राक्षसाच्या ताकदीच्या आकड्यांची चौकट) मोठ्यानं वाचा. डोळ्यांनी वाचलेलं नाव आणि तोंडानं काढलेलं नाव यांची ओळख टेबलवर नव्हे, घरी होऊ द्या. मी प्रत्येक राक्षसासाठी एक कार्ड करते आणि त्यावर नाव देवनागरीत लिहिते. अर्धचंद्र, ऱ्हस्वदीर्घ, जोडाक्षर सगळं नीट. इंग्रजी स्पेलिंगकडे बघून ऐनवेळी जो गोंधळ होतो तो कार्डानं टळतो.

दुसरं, गावकऱ्यांना त्यांचं नाव द्या. खेळातल्या खेडुतानं ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ वाचलेलं नाही. तो शेत उखडणाऱ्या बुलेला ‘नांगऱ्या’ म्हणेल. एक मोठा डोळा आणि दांड्यांवरचे दहा असलेल्या बिहोल्डरला ‘अकराडोळ्या’ म्हणेल. ही नावं खेळाडूंच्या तोंडी पटकन बसतात आणि खरं नाव कुण्या म्हाताऱ्या विद्वानाकडून कळतं तेव्हा त्याला वजन येतं. माझ्या कॅम्पेनमध्ये दोन गावं एकाच प्राण्याच्या नावावरून भांडत होती आणि खेळाडूंनी तो तंटा सोडवण्यात एक अख्खं सेशन घालवलं. प्राणी शेवटी आलाच नाही. कुणाला त्याची आठवणही झाली नाही.

स्वतः नवा राक्षस बनवतोय. नाव कसं ठेवू?

लिहिण्याआधी ओरडून बघा. ‘पळा, अमुक आला!’ यात ते बसतं का? तीन वेळा भराभर म्हणता येतं का? मराठीत त्याचा भलताच अर्थ होत नाही ना, हे आधी तपासा. आणि तो अर्थ गमतीचा निघाला तर ठेवायचा की नाही, हेही आधीच ठरवा, कारण एकदा टेबलनं ऐकलं की निर्णय तुमच्या हातात राहत नाही.

गायगॅक्स की जायगॅक्स?

गायगॅक्स.

आम्ही कित्येक वर्षं एक नाव चुकीचं म्हणत आलो. आता कळलंय. बदलायचं का?

नव्या लोकांसमोर बरोबर म्हणा, म्हणजे त्यांना दुसऱ्या गटात अडचण येणार नाही. आपापसात जे रुळलंय ते राहू द्या.

आमच्या पहिल्या कॅम्पेनमध्ये एक हिरवा स्लाड होता. रूप बदलून शहरात राहायचा. ज्या मित्रानं पहिल्यांदा त्याचं नाव वाचलं त्याच्या डोळ्यांना एक ‘ए’ भलतीकडे दिसला आणि तो म्हणाला ‘सलाड’. दीड वर्षं आम्ही सलाडच्या मागावर होतो. सलाडनं राजाला फसवलं, सलाडनं आमच्या क्लेरिकचा भाऊ मारला, आणि शेवटच्या लढाईत त्याच मित्राचा योद्धा त्याला घेऊन कड्यावरून खाली गेला. कुणी हसलं नव्हतं तेव्हा. नंतर बरोबर उच्चार कळला. आता पुस्तकातले बाकी सगळे लाल, निळे, करडे आमच्यासाठी स्लाड आहेत. तो एक हिरवा मात्र सलाड.